आयपीडी फार्मासिस्ट (खान्देश)

आयपीडी फार्मासिस्ट म्हणजे दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटच्या औषधांचं सगळं काम बघणारा माणूस. सरकारी कागदावर या पदाला औषध निर्माण अधिकारी म्हणतात. बाहेर मेडिकलवर बसणारा आणि हा, दोघांचं शिक्षण एकच, डी.फार्म नाहीतर बी.फार्म, आणि दोघांनाही १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी लागतेच, पण काम मात्र बरंच वेगळं पडतं. मेडिकलवर गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं, ही गोळी कशाची म्हणून विचारतं. इथे पेशंट कॉटवर पडलेला असतो, औषध सलाईनमधून जाणार असतं आणि बाटलीत काय टाकलंय हे त्याला कोणी सांगितलेलंही नसतं, त्यामुळे त्याच्या वतीने कोणीतरी विचारावं लागतं आणि ते काम फार्मासिस्टचं आहे. गोळ्या मोजून देणं हा या कामाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग.

खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे काम धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी चालतं, जिल्हा रुग्णालयांत चालतं, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चालतं आणि गल्लोगल्लीच्या वीस-तीस बेडच्या खाजगी हॉस्पिटलमध्येही चालतं. शिरपूर, फैजपूर, चोपडा, शहादा या बाजूला फार्मसी कॉलेजं आहेत म्हणून शिकलेली मुलं कमी नाहीत, पण त्यातली बरीच कंपनीत किंवा स्वतःचं मेडिकल टाकण्याकडे जातात. २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म.डी. कोर्स सुरू झाला, तो खास वॉर्डातल्या कामासाठी आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस सहसा दिसत नाही आणि ही कमी जाणवते.

दिवसाचं काम

सकाळी डॉक्टरांचा राऊंड झाला की वॉर्डातून इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागणीची चिठ्ठी, येतो. सिस्टरने केस पेपरवरून औषधं उतरवून घेतलेली असतात आणि इथेच पहिली गडबड होऊ शकते, कारण उतरवताना शून्य सुटतं, नाव अर्धवट वाचलं जातं, ओडीचं (दिवसातून एकदा) बीडी (दिवसातून दोनदा) होतं. म्हणून चांगला फार्मासिस्ट नुसत्या इंडेंटवर औषध देत नाही, मूळ केस पेपर बघतो, पेशंटचं वय आणि वजन बघतो, आधी कुठल्या औषधाची रिॲक्शन आलेली का ते बघतो आणि मग कपाटाकडे वळतो.

वजन बघायचं का ते एका हिशोबावरून कळेल. समजा ७० वर्षांच्या आजी आहेत, वजन ४५ किलो, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) १.२, म्हणजे बघणाऱ्याला जवळपास नॉर्मलच वाटणार. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा आणि बाई आहेत म्हणून ०.८५ ने गुणा, तर उत्तर मिनिटाला ३१ मिली येतं. याला क्लिअरन्स म्हणतात, किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते त्याचा अंदाज. किडनी खूपच कमी चालतेय. अशा आजींना अमिकासिन हे अँटिबायोटिक किंवा रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन नेहमीच्या हिशोबाने गेलं तर ते अंगात साचत जातं, मग कान जातात नाहीतर रक्तस्राव होतो. इथे फार्मासिस्टने फोन उचलायचा असतो, "सर, ७ नंबर बेडच्या आजींचा डोस एकदा बघाल का, क्लिअरन्स ३१ येतोय." बदल डॉक्टरच करतात, पण हा फोन गेलाच नाही तर बदल होणार कुठून. नवीन मुलांना असा फोन करायला संकोच वाटतो, सिनियर डॉक्टर काय म्हणतील म्हणून, आणि तो संकोच जायला एखाद-दोन वर्षं लागतात.

कुठलं औषध कशात मिसळायचं हेही त्यालाच पाठ असावं लागतं. फिट्सवरचं फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये (मिठाच्या पाण्यात), डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या पाण्यात) टाकलं की कण धरतात. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन बरोबर उलटं, ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि रिंगर लॅक्टेट हे सलाईन एकत्र नको, कारण रिंगरमध्ये कॅल्शियम असतं, आणि नवजात बाळाच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा १ ग्रॅम कमीत कमी तासभर घेऊन सोडायचा. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असलेल्या पेशंटच्या गोळ्या कुटून द्याव्या लागतात, पण सगळ्या कुटता येत नाहीत, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसाचा डोस एकदम अंगात जातो.

जिवावर बेतणारी औषधं

काही औषधांना वेगळं कपाट लागतं. पोटॅशियम क्लोराईडचं १० मिलीचं अँप्युल घ्या, त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखं. सलाईनमध्ये पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. म्हणून ते वॉर्डाच्या ट्रेमध्ये मोकळं ठेवूच नये, मागणी आली की नाव-बेड बघून द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

इन्सुलिनचा घोळ तर आपल्याकडचा खास. व्हायल बहुतेक मिलीला ४० युनिटच्या आणि पेनच्या काडतुसात मिलीला १०० युनिट, सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. कोणी १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे पेशंटला २० ऐवजी ५० युनिट. रात्रीतून साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे इन्सुलिनसोबत त्याचीच सिरिंज पाठवायची, सुटी सुटी द्यायचीच नाहीत.

मॉर्फिन, फेंटानिल ही तीव्र वेदनेवरची, नशा आणणारी औषधं कुलपात असतात, रजिस्टरला एकेक अँप्युलची नोंद, आणि रिकामं अँप्युल परत आल्याशिवाय पुढचं मिळत नाही. शेड्यूल एच १ या सरकारी यादीतली औषधं, म्हणजे वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं वगैरे, त्यांचं रजिस्टर वेगळं आणि ते तीन वर्षं सांभाळावं लागतं.

हंगाम आणि स्टोअर

खान्देशात औषधांचं स्टोअर शेतीच्या हंगामाबरोबर चालवावं लागतं, आणि हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. पुस्तक म्हणतं गेल्या तीन महिन्यांच्या खपावरून पुढची मागणी काढा. मे महिन्याचा खप बघून जुलैची मागणी काढणारा इथे फसतो.

पावसाळा लागला की सर्पदंश येतात. केळीच्या बागेत, कपाशीत, विहिरीवर मोटर चालू करायला रात्री गेलेला माणूस. सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच असते, पावडरची कुपी १० मिली पाण्यात विरघळवून द्यायची, ती जोरात हलवायची नाही, हातात हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो. सुरुवातच साधारण ८ ते १० कुप्यांनी होते आणि लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. हे नातेवाईकांना, कधी नवीन स्टाफलाही, समजावून सांगावं लागतं. सोबत ॲड्रेनॅलिन भरून तयार, कारण लसीचीच रिॲक्शन येऊ शकते. नागाच्या लुळं पाडणाऱ्या विषासाठी निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन. म्हणजे स्टोअरमध्ये २० कुप्या असल्या तर त्या दोन पेशंटच्याच समजायच्या.

मग कपाशीची फवारणी. फवारताना कीटकनाशक अंगावर येऊन किंवा ते पिऊन आलेला पेशंट, दोन्ही. ऑर्गॅनोफॉस्फेट या जातीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत द्यावं लागतं. आपल्याकडे अँप्युल ०.६ मिलीग्रॅमचं. तीन अँप्युलनी सुरुवात केली तर मग सहा, मग बारा, मग चोवीस, म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत ४५ अँप्युल आणि पुढे सलाईनमधून चालू ठेवायचं ते वेगळंच. ज्या स्टोअरला ॲट्रोपिनचं ५० चं एकच खोकं आहे तिथे एका पेशंटचा पहिला अर्धा तासही निघत नाही. जूनमध्येच जास्तीची मागणी टाकणारा फार्मासिस्ट मला या कामातला सगळ्यात मोठा माणूस वाटतो, भले त्याचं नाव कुठल्या केस पेपरवर येत नसेल.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि लाईट गेली की फ्रीजची काळजी. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, लसी या २ ते ८ डिग्रीत राहिल्या पाहिजेत, दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून लिहायचं. फ्रीजच्या दारात इन्सुलिन ठेवायचं नाही आणि फ्रीजरच्या पत्र्याला टेकवून तर नाहीच, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. याच दिवसांत ओआरएस आणि सलाईनचा खप वाढतो, सलाईनची खोकी पत्र्याच्या शेडमध्ये टाकून चालत नाही.

सातपुड्याकडचे पेशंट

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, सिकल सेलचे (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) पेशंट बरेच आहेत. त्यांना हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावं लागतं, मधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि गरोदरपणात ते चालत नाही. यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, मग सुट्टी देताना पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन काय उपयोग, किती महिने बाहेर राहणार ते आधी विचारावं लागतं आणि तसं डॉक्टरांना सांगून सोय करावी लागते.

आणि भाषा. सुट्टीच्या वेळी औषधं समजावणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही फार्मासिस्टच्या कामात धरलंय, पण कुठल्या भाषेत ते कोण सांगणार. धुळ्याकडचा म्हातारा अहिराणीत सांगतो, "पोटमा दुखस, चक्कर येस," रावेर-यावलला लेवा बोली, पहाडात पावरी आणि भिलोरी. "जेवण व्हयनं का?" असं विचारून सुरुवात केली की पेशंट मोकळा बोलतो, घरी चालू असलेली गोळी, वैदूने दिलेली पुडी, शेजाऱ्याची बीपीची गोळी, सगळं मग बाहेर येतं. पावरी येत नसेल तर वॉर्डातली त्या गावची मावशी सोबत घ्यायची. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायचे, उगवता, डोक्यावरचा आणि रात्रीचा चांद, आणि निघण्याआधी एकदा पेशंटकडूनच वदवून घ्यायचं की कुठली कधी घेणार. त्यात पाच मिनिटं जातात. दुपारी दोनला सुट्ट्यांची गर्दी आणि एसटीची वेळ एकत्र येते, तेव्हा ही पाच मिनिटंच सगळ्यात आधी कापली जातात, म्हणून काही ठिकाणी सकाळच्या राऊंडलाच उद्या कोण जाणार ते विचारून ठेवतात आणि आदल्या संध्याकाळी कॉटपाशी बसून गोळ्या समजावतात.