ओव्हरलोड किंवा बेकायदा माल नाकारायचा असेल तर: इंदूरच्या ट्रकचालकांसाठी पात्रता, कागद आणि अर्जाची रीत

देवास नाक्यावर किंवा लोहामंडीत माल भरून होतो आणि मालकाचा फोन येतो, "काढ गाडी, पुढचं पाहून घेऊ." पुढे पकडली गेल्यावर मात्र पहिली चौकशी चालकाचीच होते. नकाराची नोंद गाडी गेटबाहेर पडायच्या आत झाली पाहिजे. नंतर केलेल्या तक्रारीचं वजन निम्मं होतं.

आधी आकडा

मर्यादा आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेल्या एकूण वजनाची, म्हणजे गाडी आणि माल मिळून. सहा चाकी, दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला २०१८ पासून कमाल १८.५ टन चालतात, पण जुन्या गाडीच्या आरसीवर कमी आकडा असेल तर तोच धरायचा. समजा मर्यादा १८.५ टन आणि वजनकाटा २२.५ टन दाखवतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,०००, म्हणजे २८,००० रुपये. वर जादा माल उतरवायचा खर्च, आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर दंड ४०,०००. "काट्यावर थांबू नको" हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशातले परिवहन नाके बंद झाले, पण तपासणी बंद झालेली नाही. आता फिरती पथकं गाडी अडवतात.

दंड गाडी चालवणाऱ्याला आहे, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही. कलम ११३(४) चालकाने पाठ करून ठेवावं: चालक स्वतः मालक नसेल तर ओव्हरलोड मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला, असं न्यायालय मानू शकतं. 'मानू शकतं', 'मानेलच' नव्हे. म्हणून पुरावा लागतो.

वजन ठीक पण माल बेकायदा, तिथे हे कलम उपयोगी नाही. नोकरी जाईल या भीतीने केलं, हा बचाव फौजदारी न्यायालयात टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये सूट आहे ती तिथल्या तिथे जीव जाण्याच्या धमकीला, आणि तीही खून किंवा मृत्युदंडाची शिक्षा असलेल्या राज्याविरुद्धच्या गुन्ह्याला नाही. नर्मदेकडून येणाऱ्या वाळूला वैध ई-टीपी (खनिज वाहतुकीचा ऑनलाइन पास) नसेल किंवा तिची वेळ उलटली असेल तर गाडी जप्त होऊ शकते. ज्वलनशील माल, रसायनं किंवा गॅस असेल तर लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आणि केबिनमध्ये त्या मालाचं माहितीपत्रक हवं. माल पाठवणाऱ्याने ते दिलंच नाही तर गाडी लावूच नका.

कोण अर्ज करू शकतो

पगारी चालक, ट्रिपवर काम करणारा, नियुक्तीपत्र नसलेला, सगळे. पगाराचा दावा वेतन संहिता २०१९ खाली होतो, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि आस्थापनेत किती माणसं आहेत याची अट नाही. लायसन्स महाराष्ट्रातलं असलं तरी फरक पडत नाही, फक्त लायसन्स निलंबनाची नोटीस ज्या कार्यालयाने काढली तिथेच उत्तर द्यायचं.

कागद

लायसन्स, आरसी, फिटनेस आणि विमा यांच्या प्रती (एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमधल्या चालतात), बिल्टी (माल वाहतुकीची पावती), आणि काट्याची पर्ची. पर्चीवर गाडी नंबर, वेळ, भरलेलं आणि रिकामं वजन चारही दिसलं पाहिजे. बऱ्याच पर्च्यांवर रिकामं वजन हाताने टाकलेलं असतं, मग समोरचा ते खोटं म्हणतो. जमलं तर रिकामी गाडीही त्याच काट्यावर तोलून घ्या.

मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर साधं लिहा: "गाडी नंबर अमुक, काटा २२.५, आरसी १८.५, ४ टन जास्त. उतरवल्याशिवाय काढणार नाही." उत्तर 'काढ' आलं की पुरावा तयार. फोन विकू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागतात, आणि मूळ फोन हातात असेल तर काम सोपं होतं. पगार बँकेत येत नसेल तर ट्रिपची वही, डिझेलच्या पावत्या, फास्टॅगचे मेसेज जपा. नोकरी होती हे त्यावरूनच दाखवावं लागतं.

अर्ज

गाडीच्या वजनाची तक्रार नायता मुंडला इथल्या परिवहन कार्यालयात, पगाराची कामगार कार्यालयात. दोन्ही एका अर्जात घातल्या तर दोन्ही अडकतात. भाषा हिंदी ठेवा, तिथला कारभार हिंदीत चालतो. मजकूर एका पानाचा: तारीख, वेळ, गाडी, माल, वजन, काय सांगितलं गेलं. शिव्याशाप नकोत. दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्ट, आणि सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार.

काढून टाकलं किंवा स्वतः सोडलं, तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि अधिकारी मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. चलानाचे पैसे पगारातून कापण्याचा प्रकार सर्रास आहे. माल किंवा पैशाच्या नुकसानीची कपात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच चालते, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. मालकाने पगारातून कापलेला दंडही वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मालकानेच 'काढ' लिहिलेलं असेल तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवणं त्याला कठीण जाईल.

लायसन्स निलंबनाची नोटीस आली तर गप्प बसू नका. ओव्हरलोड हे निलंबनाचं कारण ठरतं, पण आदेशाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. उत्तरात पर्ची, चॅट आणि कलम ११३(४) जोडा. आदेश विरुद्ध गेला तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, मोफत मदतीसाठी क्रमांक १५१००.