बेक३२एम

बेक३२एम : बिटकॉइन या आभासी चलनाचे पत्ते (रक्कम कोणाकडे जावी हे सांगणारी अक्षरमाला) लिहिण्याची सुधारित पद्धत. आधीच्या बेक३२ या पद्धतीतील चूक ओळखण्याची एक उणीव दूर करण्यासाठी पीटर वुइले यांनी डिसेंबर २०२० मध्ये बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव ३५० द्वारे ती मांडली. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मागता येईल अशी कोणतीही मध्यवर्ती यंत्रणा बिटकॉइनमध्ये नाही. त्यामुळे चुकीचा पत्ता रक्कम पाठवण्यापूर्वीच अडवणे हाच खरा बचाव ठरतो.

सुरुवातीच्या बेस५८चेक पद्धतीत शून्य, मोठा ओ, मोठा आय व लहान एल ही सारखी दिसणारी चिन्हे गाळून ५८ चिन्हे वापरली जात आणि ४ बाइटांचा चेकसम (चूक ओळखण्यासाठी जोडलेला तपासणीचा भाग) जोडला जाई. हा चेकसम हॅशवर (माहितीवरून काढलेल्या ठराविक लांबीच्या ठशावर) आधारलेला असल्याने चूक निसटण्याची शक्यता फार कमी होती, पण एक-दोन अक्षरांची चूक हमखास सापडेलच अशी गणिती खात्री त्यात नव्हती. ही खात्री वुइले व ग्रेग मॅक्सवेल यांच्या बेक३२ ने (प्रस्ताव १७३, मार्च २०१७) दिली. तीत ३२ चिन्हे असून शेवटची ६ चेकसमची असतात. ९० अक्षरांच्या मर्यादेत जास्तीत जास्त ४ अक्षरे बदलली गेली, तर ती चूक नक्की पकडली जाते. चूक कोठे आहे हे दाखवण्याची सोयही या संकेतात आहे. मात्र ती आपोआप दुरुस्त करू नये असे प्रस्तावात बजावले आहे, कारण दुरुस्तीतून भलताच वैध पत्ता निघू शकतो.

या पद्धतीमागील बीसीएच (बोस, चौधुरी व ओकेंगेम यांच्या रोमन आद्याक्षरांवरून) या चुका ओळखणाऱ्या संकेताच्या जनकत्वाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आलेक्सी ओकेंगेम यांचा फ्रेंच निबंध १९५९ मध्ये, तर राज चंद्र बोस व त्यांचे शिष्य द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही शोध परस्परांपासून स्वतंत्र मानले जातात. आद्याक्षरांत ओकेंगेम शेवटी येत असले, तरी प्रसिद्धीच्या क्रमाने मान त्यांच्याकडे जातो. दोन्ही निबंधांतील संकेत द्विमान (फक्त ० व १ यांचे) होते. अधिक चिन्हांच्या क्षेत्रांवरील विस्तार डॅनिएल गोरेनस्टाइन व नील झियरलर यांनी १९६१ मध्ये केला आणि बेक३२ चा ३२ घटकांच्या सांत क्षेत्रावरील (मर्यादित घटकांच्या गणिती संचावरील) संकेत काटेकोरपणे पाहता त्याच परंपरेतला आहे. बेक३२ हे नाव बीसीएच ही अक्षरे गुंफून आणि ‘बेस’ शब्दाशी उच्चारसाम्य साधून घडवले आहे. त्यामुळे ‘बेश’ हा उच्चार मूळ हेतूला अधिक जवळचा वाटतो, पण येथे रूढ रूप ठेवले आहे.

उणीव अशी : पत्त्याचे शेवटचे अक्षर ‘पी’ असेल, तर त्याच्या लगेच आधी कितीही ‘क्यू’ घातले किंवा तेथील ‘क्यू’ गाळले, तरी चेकसम बरोबरच ठरतो. या लिपीत ‘क्यू’ म्हणजे ० आणि ‘पी’ म्हणजे १. पत्ता बहुपदी म्हणून मांडून तिला जनक बहुपदीने (संकेतासाठी ठरवलेल्या भाजक बहुपदीने) भागल्यावर बाकी १ उरली, तर पत्ता वैध. ‘पी’ने संपणाऱ्या पत्त्यातून १ वजा केल्यास जनक बहुपदीची पट उरते. तिला चलाने गुणले तरी ती पटच राहते, आणि १ पुन्हा मिळवला की शेवटी ‘क्यूपी’ येते. बाकी शून्याऐवजी १ ठेवण्याचा हेतू पत्त्याच्या अखेरीस निव्वळ ‘क्यू’ जोडणे अडवण्याचा होता. तो साधला, पण ही दुसरी वाट उघडी राहिली. मूळ हमी अक्षर बदलण्यापुरतीच होती, अक्षर घुसण्या-गळण्याविषयी ती नव्हती. सरासरीने ३२ पैकी एका पत्त्याच्या शेवटी ‘पी’ येते, म्हणून ही गोष्ट दुर्मीळ म्हणता येत नाही.

२०१९ च्या अखेरीपर्यंत ही उणीव तज्ज्ञांच्या चर्चेत आली होती. पत्त्यात त्याचा प्रकार सांगणारा आवृत्ती क्रमांक असतो; तेव्हा वापरात असलेल्या शून्य आवृत्तीच्या पत्त्यांना तिचा धोका जवळजवळ नव्हता, कारण त्यांतील माहिती २० किंवा ३२ बाइटांचीच असावी असा नियम आहे. पुढील आवृत्त्यांना लांबीची एवढी ताठर अट नव्हती. त्यांच्यावरही लांबीचे बंधन घालावे, असा एक पर्याय होता. त्याने भविष्यातील लवचिकता गेली असती, त्यामुळे दुसरा पर्याय, म्हणजे चेकसमच बदलणे, अधिक सयुक्तिक दिसतो. तोच स्वीकारला गेला.

बदल एकाच संख्येचा आहे : बाकी १ ऐवजी ७३,४५,३९,९३९ उरावी. जनक बहुपदी तीच असल्याने ४ अक्षरांची हमी अबाधित राहते. आता असाच घोटाळा होण्यासाठी शेवटची सहाही अक्षरे ठराविक असावी लागतील, म्हणजे शक्यता सुमारे १०७ कोटींत एक. अक्षर घुसणे, गळणे व जागा बदलणे अशा चुकांच्या अनेक प्रकारांवर संगणकाने पडताळून ही संख्या निवडली आहे. शून्य आवृत्तीचे पत्ते बेक३२ मध्येच राहिले, १ ते १६ आवृत्त्यांसाठी बेक३२एम आले. जुने पाकीट (बिटकॉइन पाठवण्या-स्वीकारण्याचे सॉफ्टवेअर) नवा पत्ता नाकारते. हे मुद्दाम योजलेले आहे, कारण रक्कम भलतीकडे जाण्यापेक्षा व्यवहार न झालेला बरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्यान्वित झालेल्या टॅपरूट या बिटकॉइनमधील सुधारणेचे पत्ते याच पद्धतीत लिहितात.

तुलनेसाठी, इथीरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या पत्त्यांना मुळात चेकसम नव्हता. २०१६ पासून लहान-मोठ्या रोमन अक्षरांच्या मिश्रणातून तो दर्शवतात.

बिटकॉइनवर उभारलेल्या, झटपट देयकांसाठीच्या लायटनिंग जाळ्यातील देयकपत्रे अजूनही जुन्या बेक३२ मध्ये आणि ९० अक्षरांची मर्यादा न पाळता लिहिली जातात. तेथे ‘क्यू’ घुसल्यास चेकसम फसू शकतो, पण माहिती सरकल्याने अंकीय स्वाक्षरी जुळत नाही.