अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे कोविडचे पैसे: पाइपलाइन मात्र १९३३ ची

२०२० मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या खात्यात कोविडची मदत एवढ्या झटपट कशी पडली, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आयोवा राज्यातली सू काउंटी घ्या (हसू नका, उच्चार तसाच आहे). काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. इथे माणसं ३५-३६ हजार आणि डुकरं दहा लाखांच्या वर. एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या साउथ डकोटातला स्मिथफील्ड या मांस कंपनीचा डुकरांचा अवाढव्य कत्तलखाना कामगारांना कोविड झाल्यामुळे बंद पडला, मग आयोवातच वॉटरलू गावातला टायसन कंपनीचा पण. आता डुक्कर काही लॉकडाऊन पाळत नाही, त्याचं वजन रोज वाढतं, मागून नवीन पिल्लं येतच असतात, शेडमध्ये जागा नाही, आणि शेवटी काही ठिकाणी धडधाकट जनावरं मारून टाकायची वेळ आली. त्यात गाड्या फिरेनात म्हणून मक्यापासून इथेनॉल बनवणारे प्लँट थंडावले आणि मक्याचा भाव पण पडला.

१७ एप्रिलला कृषिमंत्री सनी पर्ड्यूंनी १९ अब्ज डॉलर जाहीर केले, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना. २६ मेपासून अर्ज सुरू, आधी ८० टक्के हातात, बाकीचे नंतर. अर्ज घ्यायला नवीन ऑफिस वगैरे काही नाही, शेतीखात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीचं काउंटीतलं जुनंच ऑफिस.

हे सगळं उभं राहिलं ते १९३३ च्या मंदीत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे शेतीमंत्री हेन्री वॉलेस, ते पण आयोवाचेच. त्यांच्या कायद्यामागची आयडिया अशी की पीक कमी काढा आणि त्याचे पैसे घ्या. भाव चढावेत म्हणून त्या वर्षी सरकारने साठेक लाख डुकरं विकत घेऊन मारली, तीही लोक उपाशी असताना, त्यामुळे बोंब झालीच. १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा उडवला, पण दोन गोष्टी टिकल्या: मदत वाटणाऱ्या, शेतकऱ्यांच्याच काउंटी कमिट्या, आणि कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन नावाचं सरकारी महामंडळ, ज्याला आज सरकारी तिजोरीतून ३० अब्ज डॉलरपर्यंत उचलता येतात. म्हणजे दर वेळी नवा कायदा करत बसायला नको.

याच महामंडळातून २०१८ मध्ये चीनशी टॅरिफचं भांडण लागल्यावर १२ अब्जांची मदत जाहीर झाली, २०१९ मध्ये अजून १६ अब्जांची. दुसऱ्या वेळी तर प्रत्येक काउंटीचा वेगळा रेट, एकरी १५ ते १५० डॉलर, म्हणजे हद्दीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. कोविडच्या १६ अब्जांतले साडेसहा पण तिथलेच. त्यामुळे कोविड आला तेव्हा पाइप तयार होता, फक्त नळ सोडायचा होता.

पण पाणी कुणाच्या रानात गेलं? डुकरांचे पैसे मालकाला, आणि बऱ्याच शेडमध्ये मालक कंपनी, शेतकरी नुसता कॉन्ट्रॅक्टवर सांभाळणारा, तो पहिल्या फेरीत बाहेरच. सप्टेंबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, ट्रम्पनी विस्कॉन्सिनमधून अजून १४ अब्जांपर्यंतची दुसरी फेरी जाहीर केली (टायमिंग बघा).

२०२१ मध्ये नवे मंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी सांगितलं की कोविडच्या जवळपास २६ अब्जांतून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मिळाले फक्त २ कोटी ८ लाख, म्हणजे ०.१ टक्का. त्यांच्याकडे जमीनच थोडी उरली होती, आणि ती का उरली नाही यात पुन्हा त्या काउंटी कमिट्या येतात, कारण कर्ज आणि मदत देताना भेदभाव केल्याची केस सरकारने १९९९ मध्ये तडजोड करून मिटवली होती. मार्च २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य शेतकऱ्यांसाठी ४ अब्जांची कर्जमाफी मंजूर झाली, गोरे शेतकरी कोर्टात गेले, जूनमध्ये स्थगिती आली आणि २०२२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते कलमच काढून टाकलं.