विमान-मागोवा यंत्रणा आणि खानदेशचे आकाश

विमान या घडीला कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि कोणीकडे चालले आहे, हे जमिनीवरच्या नियंत्रकाला दाखवणाऱ्या साधनांना विमान-मागोवा यंत्रणा म्हणतात. दोन विमानांत सुरक्षित अंतर राखणे हे हवाई वाहतूक नियंत्रणाचे मूळ काम, आणि हे अंतर किती हवे ते मागोवा किती नेमका लागतो यावर ठरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे खानदेशचे तिन्ही जिल्हे मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात, म्हणजे मुंबई केंद्राकडे सोपवलेल्या आकाशात येतात.

प्राथमिक रडार लहरी सोडते आणि विमानावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते. त्यातून दिशा आणि अंतर कळते. उंची कळत नाही, विमान कोणाचे तेही नाही. दुय्यम रडार विमानालाच विचारते. १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा जाते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. उत्तरात उंची असते आणि नियंत्रकाने दिलेला चार आकडी कोड असतो, त्याला वैमानिक ‘स्क्वॉक’ म्हणतात. कोडात ० ते ७ एवढेच अंक येतात, म्हणून एकूण कोड ४०९६. त्यातले तीन आणीबाणीसाठी राखीव आहेत: ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० संकट.

उंची दिसण्याचे मोल भारताने फार जबर किंमत मोजून जाणले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळली, ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते आणि दिल्लीच्या प्राथमिक रडारवर ही घटलेली उंची दिसण्याची सोयच नव्हती. त्यानंतर दुय्यम रडार आणि विमानातली टक्करविरोधी यंत्रणा, म्हणजे टीकॅस, यांना वेग आला. आता एडीएस-बी पद्धतीत विमान उपग्रहावरून काढलेले आपले ठिकाण सेकंदाला साधारण दोनदा स्वतःहून सांगत राहते. जमिनीवर फिरती अजस्र अँटेना लागत नाही, छोटा ग्राहक पुरतो.

खानदेशची खरी अडचण भूगोलाची आहे. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, पृथ्वी मात्र वाकलेली. मुंबई ते जळगाव हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. मुंबईत समुद्रसपाटीवर रडार धरून हिशेब केला, तर जळगाववरचे विमान साधारण ७,२०० मीटरच्या वर गेल्याशिवाय क्षितिजावर येत नाही, आणि मधला सह्याद्री यात धरलेलाच नाही. मोठी जेट विमाने याहून बरीच उंच जातात. एटीआर-७२ या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाची कमाल उंची मात्र ७,६०० मीटरच्या आसपास, आणि प्रशिक्षण विमाने तर त्याच्या कितीतरी खाली. त्यात उत्तरेला सातपुडा आडवा: अस्तंभ्याचे शिखर १,३२५ मीटर. डोंगराआडच्या दरीत उडणारे विमान कोणत्याही दूरच्या रडारला दिसत नाही. म्हणून अनेक ठिकाणच्या रडारांची आणि एडीएस-बी केंद्रांची माहिती एकत्र जोडून एकच चित्र उभे करतात.

जिथे चित्र नसते तिथे ‘प्रोसिजरल कंट्रोल’ चालतो. नियंत्रकासमोर प्रत्येक विमानाची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर विमानाची खूण, उंची आणि पुढच्या ठिकाणी पोहोचण्याची अंदाजी वेळ. वैमानिक रेडिओवर ठिकाण सांगतो, नियंत्रक ऐकून पट्टीवर नोंद करतो, जुनी वेळ खोडून नवी लिहितो. सगळी भिस्त कानावर. एकाच उंचीवर मागोमाग येणाऱ्या विमानांत तेव्हा साधारण १० मिनिटे तरी ठेवावी लागतात. ताशी ५०० किलोमीटर वेगाने हे अंतर ८० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ जळगाव ते धुळे. रडार असेल तर वाटेवर ५ सागरी मैल, ९ किलोमीटरच्या आसपास पुरतात: जळगाव ते नशिराबाद. दिसत नसेल तर अंतर वाढवणे हाच सुरक्षेचा एकमेव मार्ग उरतो.

जळगाव विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. ‘उडान’ योजनेतून पुढे प्रवासी सेवा आली, आणि २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगावचा समावेश झाला. शिरपूरलाही प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. त्यामुळे या आकाशात एटीआर आणि एका इंजिनाची शिकाऊ विमाने शेजारी शेजारी येतात. वेगात दुपटीहून जास्त फरक. एकाच संस्थेच्या विमानांच्या खुणा एखाद्या अक्षरानेच वेगळ्या असतात आणि शिकाऊ वैमानिक चुकीच्या खुणेला उत्तर देऊ शकतो. म्हणून सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणे सक्तीचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, छोटे विमान हळू चढते आणि वेळेचा अंदाज चुकतो. त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असला तर एटीआरच्या टीकॅसलाही ते दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथील सर्वांत गंभीर धोका हाच.

जुलै २०२१ मध्ये शिरपूरहून निघालेले प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. प्रशिक्षक दगावले. जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीसाठी आदिवासी गावकऱ्यांनी लाकडाला कापड बांधून झोळी केली आणि तिला खांद्यावरून डोंगराखाली आणले.

एडीएस-बीचा कच्चा दुवा म्हणजे उपग्रह संकेत. खोटे संकेत सोडून विमानाला चुकीचे ठिकाण दाखवण्याचे प्रकार वाढल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबाबत परिपत्रक काढले. अशा वेळी पडद्यावरचे विमान आणि आकाशातले विमान वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. दुय्यम रडार स्वतः अंतर मोजते, त्यामुळे ही तफावत पकडता येते. ज्या उंचीवर रडार पोहोचतच नाही, तिथे पडताळणीला वैमानिकाचा रेडिओवरचा आवाज आणि पट्टीवरची वेळ एवढेच हाताशी राहते.