चौकटीबाहेरचा माल रेल्वेने पाठवायचाय? ओडीसी मंजुरीसाठी काय लागतं

ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचा ड्रम, मोठा स्टेटर असा माल रेल्वेने न्यायचा म्हटलं की सगळे आधी वजन विचारतात. अडतं मात्र बहुतेक वेळा मापावर. ब्रॉडगेजवर धावणाऱ्या वाहनासाठी कमाल चौकट ठरलेली आहे: रुंदी ३२५० मिमी, मध्यभागी रुळाच्या माथ्यापासून उंची ४२६५ मिमी. वरच्या कोपऱ्यांत ती आणखी आत येते. वॅगनवर चढवलेला माल या चौकटीबाहेर कुठेही गेला, की तो ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट, म्हणजे ओडीसी. मग खास मंजुरीशिवाय तो हलत नाही.

ही वाट सुटा न होणाऱ्या मालासाठी आहे. ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग, रेडिएटर, कन्झर्व्हेटर काढता येत असतील तर आधी ते काढा. नुसती उंचीच जास्त असेल तर खोलगट वेल वॅगन मिळते का, ते विचारा.

अर्जासोबत मुख्य कागद म्हणजे मापांचं ड्रॉइंग. ते समोरून, बाजूने आणि वरून काढलेलं हवं, आणि माल वॅगनवर ठेवलेला दाखवलेला हवा. प्रत्येक उंचीवर मध्यरेषेपासून डावीकडे किती, उजवीकडे किती, हे वेगवेगळं लिहा. पॅकिंगसह वजन, गुरुत्वमध्य, वॅगनचा प्रकार, माल बांधण्याची पद्धत, चढवायचं आणि उतरवायचं स्टेशन हेही द्या. माल वॅगनच्या टोकाबाहेर जात असेल तर किती जातो ते लिहा, कारण तिथे डमी, म्हणजे रिकामी, वॅगन जोडावी लागते. भाड्याचा हिशेब आधीच लेखी मागून घ्या.

ड्रॉइंगवर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. आमच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या टाकीची रुंदी अचूक लिहिली होती, पण जॅक लावायचे पॅड दाखवायचे राहिले. दोन्ही बाजूंना ४०-४० मिमी. प्रत्यक्ष टेप लावल्यावर ते लक्षात आलं आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

एवढ्याशा मिलिमीटरने काय होतं, ते वळणावर कळतं. समजा वॅगनच्या दोन बोगींच्या, म्हणजे वॅगनखालच्या चाकांच्या दोन गाड्यांच्या, मध्यांत १४ मीटर अंतर आहे. ३५० मीटर त्रिज्येच्या वळणावर वॅगनचा मधला भाग सुमारे ७० मिमी आतल्या बाजूला सरकतो, आणि टोकं बाहेर जातात. त्यात रुळांचा कल आणि गाडीचं डोलणं आलंच. हे सगळं वजा करून बोगदा, पूल, प्लॅटफॉर्म, सिग्नलचा खांब यांच्यापासून उरणारं अंतर म्हणजे निव्वळ मोकळीक. ती ६ इंच किंवा जास्त असेल तर माल ‘ए’ वर्गात, ३ ते ६ इंच असेल तर ‘बी’, आणि ३ इंचांहून कमी असेल तर ‘सी’ वर्गात जातो. ‘सी’ वर्गाचा माल फक्त दिवसाउजेडी, संथ वेगाने आणि रेल्वेचे कर्मचारी सोबत घेऊनच जातो.

विद्युत मार्गावर डोक्यावरच्या तारेचं अंतरही पाहतात. ३९० मिमीहून जास्त असेल तर प्रश्न नाही, ३४० ते ३९० मध्ये वेग ताशी १५ किमी, त्याहून कमी असेल तर वीज बंद करूनच माल पुढे काढतात.

अर्ज विभागाच्या परिचालन शाखेमार्फत झोनच्या मुख्यालयात जातो. माल जितक्या झोनमधून जाणार, तितक्यांची संमती लागते. कल्याणहून बिलासपूरला पाठवायचं तर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोन्ही आल्या. शिवाय सुरुवातीलाच कसाऱ्याच्या घाटातले बोगदे. म्हणून यंत्र तयार होण्याची वाट न पाहता, डिझाइन चालू असतानाच चौकशी करा. तेव्हा एखादा पॅड आत घेणं सोपं असतं.

मंजुरी ठरलेल्या मार्गापुरती, ठरलेल्या वॅगनपुरती असते. ती हातात आल्यावर फॉरवर्डिंग नोट, म्हणजे माल बुक करण्याचा रेल्वेचा फॉर्म, भरा. माल चढवून बांधला की रेल्वेचे कर्मचारी पुन्हा मापं घेतात. मंजूर ड्रॉइंगशी ती जुळली तरच वॅगन गाडीला लागते.