नोंद वेगळी, क्रमांक वेगळा: शोधयंत्रांच्या क्रमवारीची पार्श्वभूमी

नवे संकेतस्थळ सुरू करणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात: गूगलवर आपले स्थळ दिसत का नाही, आणि दिसले तरी इतके खाली का. बहुतेकांच्या मनात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. शोधयंत्राच्या सूचीत नोंद होणे ही एक गोष्ट आहे आणि नोंद झालेल्या पानांत वरची जागा मिळणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वेगवेगळ्या वाटांनी घडत गेल्या आहेत, आणि आज या विषयावर फुकट वा पैसे घेऊन दिले जाणारे कितीतरी सल्ले त्या वाटचालीतील एखाद्या संपलेल्या टप्प्यावरचे आहेत.

वर्ल्ड वाइड वेब सार्वजनिक होण्याआधीच, १९९० मध्ये, माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एम्टेज यांनी ‘आर्ची’ तयार केले. निरनिराळ्या सर्व्हरवर कोणत्या फायली ठेवलेल्या आहेत त्यांची नावे गोळा करून ती शोधता यावीत, एवढेच त्याचे काम होते. वेब आल्यावर सुरुवातीला त्याचे जनक टिम बर्नर्स-ली स्वतःच नव्या सर्व्हरची यादी ठेवत असत. सर्व्हर मोजके असल्यामुळे ते शक्यही होते. १९९३ च्या अखेरीस मार्टिन कोस्टर यांनी ‘ॲलीवेब’ जाहीर केले. त्यात स्थळाच्या मालकाने आपल्या पानांचे वर्णन एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि यंत्राने ती फाइल उचलायची, अशी पद्धत होती. कल्पना सभ्य होती, पण अशी फाइल लिहिण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टर्लिंग विद्यापीठातील जोनाथन फ्लेचर यांच्या ‘जंपस्टेशन’ने उलटी वाट धरली: त्याचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर स्वतःच जाई आणि पानांची शीर्षके टिपून आणी. क्रमवारी अशी त्यात नव्हतीच. पाने ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने दाखवली जात.

असे फिरते प्रोग्राम, म्हणजे क्रॉलर, वाढले तेव्हा त्यांचा भार लहान सर्व्हरना सोसेना. म्हणून १९९४ मध्ये कोस्टर यांनीच ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलचा संकेत सुचवला. आपल्या स्थळाच्या कोणत्या भागात क्रॉलरने येऊ नये हे मालकाने या फाइलमध्ये लिहायचे असते. पाळण्याची सक्ती नसलेला हा संकेत बहुतेक शोधयंत्रांनी पाळला, आणि त्याला औपचारिक इंटरनेट मानकाचा दर्जा मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. नोंदच न होण्याच्या तक्रारींत आजही ही फाइल आधी तपासावी लागते, कारण स्थळ घडवताना घातलेली बंदी ते सुरू झाल्यावर काढायची राहून गेलेली असते.

एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून ब्रायन पिंकर्टन यांचे ‘वेबक्रॉलर’ सुरू झाले आणि शीर्षकांऐवजी पानावरचा सगळा मजकूर शोधता येऊ लागला. येथून क्रमवारीचा प्रश्न खरा उभा राहतो, कारण एका शब्दासाठी हजारो पाने सापडू लागली तर वर कोणते ठेवायचे हे यंत्रालाच ठरवावे लागते. त्याचे गणित आयते होते. कॉर्नेल विद्यापीठात जेरार्ड सॉल्टन यांनी १९६० च्या दशकापासून मजकुरातील शब्दांना वजन देऊन दस्तऐवज शोधण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या, आणि १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक मूलभूत नियम मांडला होता: जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो तो निवड करायला अधिक उपयोगी, म्हणून त्याचे वजन जास्त धरावे. पण या पद्धती शोधनिबंधांच्या आणि बातम्यांच्या संग्रहांवर पारखलेल्या होत्या. शोधणाऱ्या यंत्राला फसवण्यात त्या निबंधांच्या लेखकांचा काही लाभ नव्हता. वेबवर तो लाभ रोख होता, आणि पुढचा सारा इतिहास या एका फरकातून निघतो.

लिकॉस, इन्फोसीक, एक्साइट आणि डिसेंबर १९९५ मध्ये आलेले डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे ‘अल्टाव्हिस्टा’ ही शोधयंत्रे मुख्यतः पानावरच्या शब्दांवर विसंबून होती. शब्द किती वेळा आणि कुठे येतो यावर क्रमांक ठरतो हे कळताच तोच शब्द पानाच्या तळाशी शेकडो वेळा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, लिहिला जाऊ लागला. पानाचा विषय सांगण्यासाठी ‘मेटा कीवर्ड्स’ हा वाचकाला न दिसणारा टॅग होता. त्यात विषयाशी संबंध नसलेले पण लोक हमखास शोधतात असे शब्द भरले जात. वेब शोधाच्या क्रमवारीत हा टॅग आम्ही विचारातच घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघडपणे सांगितले. तरीही तो काळजीपूर्वक भरून देणारे व्यावसायिक त्यानंतरही बरीच वर्षे भेटत राहिले.

यंत्रांची ही दशा असताना माणसांनी लावलेल्या सूचींना मोठा मान होता. स्टॅनफर्डचे विद्यार्थी जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली आवडत्या स्थळांची यादी म्हणजेच पुढचे याहू. तेथे योग्य वर्ग निवडून अर्ज करायचा आणि संपादक तो वाचेपर्यंत थांबायचे, अशी रीत होती. अर्ज इतके साचले की १९९९ मध्ये याहूने व्यापारी स्थळांसाठी १९९ डॉलर घेऊन लवकर निर्णय देण्याची सोय काढली. पैसे निर्णयाचे होते, प्रवेशाचे नव्हते. नकार आला तरी ते परत मिळत नसत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि नेटस्केप या ब्राउझर कंपनीने लगेच विकत घेतलेल्या ‘डीमॉझ’ या सूचीचे काम स्वयंसेवक पाहत. आपल्याकडे मुंबईतून राजेश जैन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियावर्ल्ड’च्या स्थळांत ‘खोज’ ही भारतीय संकेतस्थळांची सूची होती. हा सगळा समूह नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. एकच अर्ज भरून अनेक सूचींत नोंद करून देणाऱ्या सेवाही याच काळातल्या. ‘तुमचे स्थळ शेकडो शोधयंत्रांत नोंदवून देतो’ असे ईमेल आजही येतात, पण त्यांतला माल तेव्हाचा आहे. याहूची सूची २०१४ च्या डिसेंबरअखेर बंद झाली आणि डीमॉझ मार्च २०१७ मध्ये.

क्रमांक सरळ विकण्याचा मार्गही चोखाळून झाला. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने प्रत्येक क्लिकसाठी जो जास्त पैसे देईल तो वर, असा व्यवहार उघडपणे मांडला. त्यात निदान लपवाछपवी नव्हती. इतर शोधयंत्रांवर मात्र पैसे देऊन मिळालेली जागा आणि गुणावर मिळालेली जागा वेगळी ओळखू येईना, म्हणून जून २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा फरक स्पष्ट दाखवण्याची सूचना शोधयंत्र कंपन्यांना केली.

क्रमवारीची खरी कलाटणी मात्र ग्रंथालयशास्त्राच्या शेजारून आली. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली होती: कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी केला हे पाहून निबंधाचे महत्त्व जोखता येते, हा तिचा पाया. वेबवर एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक हा असाच उल्लेख मानता येतो, हे १९९६ ते १९९८ या काळात अनेकांना जवळपास एकाच वेळी सुचले. रॉबिन ली यांनी ‘रँकडेक्स’ बनवले आणि पुढे चीनमध्ये बायडू ही शोधयंत्र कंपनी स्थापन केली. जॉन क्लाइनबर्ग यांनी याच दिशेची स्वतंत्र पद्धत मांडली. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांच्यासह जी मांडली ती पेजरँक. तिच्यात प्रत्येक लिंकचे मोल सारखे नसते. लिंक देणारे पान स्वतः किती महत्त्वाचे आहे आणि ते आपले वजन किती जणांत वाटते, यावर ते ठरते. लिंकांमागून लिंका उघडत जाणारा, पण अधूनमधून कंटाळून भलत्याच पानावर उडी मारणारा काल्पनिक वाचक त्यांनी गृहीत धरला, आणि तो लिंक धरून पुढे जाण्याची शक्यता साधारण ०.८५ मानली. २.४ कोटी पानांवर चाललेल्या त्यांच्या नमुना यंत्राचे वर्णन करणाऱ्या १९९८ च्या निबंधात, जाहिरातींवर पोसलेली शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, असाही इशारा आहे. तो निबंध लिहिणाऱ्यांच्या कंपनीने, म्हणजे गूगलने, ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातींची सेवा सुरू केली, हे नोंदवण्यासारखे आहे.

पेजरँकमुळे नोंदीचा प्रश्नही बदलला. कोणीतरी लिंक दिली की क्रॉलर आपोआप येई, म्हणजे ज्या गोष्टीने क्रमांक मिळत होता तिनेच नोंदही होऊ लागली आणि अर्जाची गरज मागे पडली. पण मोजमाप कळले की मोजली जाणारी वस्तू बाजारात येते. डिसेंबर २००० मध्ये गूगलच्या टूलबारने, म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायच्या पट्टीने, पानांचे गुण शून्य ते दहा अशा अंकांत दाखवायला सुरुवात केली, आणि त्या अंकांवरून लिंकांचे भाव ठरू लागले. ब्लॉगांवरच्या प्रतिक्रिया लिंकांनी भरून गेल्या, म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. अशी खूण असलेली लिंक क्रमवारीत धरायची नाही असे ठरले. फेब्रुवारी २००६ मध्ये शोधयंत्राला एक आणि वाचकाला दुसरेच पान दाखवल्याबद्दल बीएमडब्ल्यूचे जर्मन स्थळ गूगलने काही दिवस सूचीतून काढून टाकले. गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या बदलांपैकी फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’ने सवंग मजकुराचे कारखाने खाली ढकलले, एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंका. त्यानंतरचा देखावा विलक्षण होता: ज्या लिंका पैसे मोजून मिळवल्या त्या काढून टाका, म्हणून लोक विनवण्या करत फिरू लागले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलला ‘या लिंका आमच्या नावावर धरू नका’ असे कळवण्याची सोयच करून द्यावी लागली.

यापुढची साधने बाहेरून नकली बनवायला कठीण आहेत. शोधाच्या निकालांतून लोक काय उघडतात आणि कशावरून लगेच परततात याचा उपयोग गूगल कितपत करते, यावर वर्षानुवर्षे वाद चालला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी ‘नॅव्हबूस्ट’ ही क्लिकांवर चालणारी प्रणाली महत्त्वाची असल्याची साक्ष दिली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्ध दिलेल्या निकालात या माहितीच्या साठ्याला बरेच वजन दिले आहे: फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलेच यंत्र बसलेले असावे यासाठी गूगलने २०२१ मध्ये २६३० कोटी डॉलर मोजले होते, आणि जास्त वापर म्हणजे क्रमवारी सुधारायला जास्त क्लिका.

मराठी स्थळांची अडचण बराच काळ याही आधीची होती. वेबवरची पहिली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये असत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आतील संकेत रोमन अक्षरांचे असत, त्यामुळे शोधयंत्राच्या दृष्टीने तो मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होता. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा संकेत देणारे युनिकोड रुळल्यावरच मराठी पाने नोंद होण्याजोगी झाली. त्यानंतरही ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यातील’, ‘पुण्याहून’ असलेली पाने दाखवणे नुसत्या शब्दजुळणीला जमत नव्हते. वाक्यातील संदर्भ धरणारे ‘बर्ट’ हे भाषाप्रारूप गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आणि डिसेंबरमध्ये सत्तरहून अधिक भाषांसाठी लागू केले, त्यांत मराठी होती.

नोंदीसाठी आज करण्यासारखे थोडेच उरले आहे. पानांची यादी देणारा ‘साइटमॅप’ गूगलने २००५ मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्टने तो स्वीकारला. कोणीही पत्ता भरावा असा गूगलचा खुला अर्ज जुलै २०१८ मध्ये बंद झाला. आता स्थळाची मालकी सिद्ध करून सर्च कन्सोल या स्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातून विनंती करावी लागते. मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि रशियाचे यांडेक्स या शोधयंत्रांनी २०२१ मध्ये ‘इंडेक्सनाऊ’ काढले, त्यात नवे पान आल्याचे स्थळ स्वतःच कळवते. मात्र साइटमॅप दिला म्हणजे नोंद झालीच असे नाही, हे गूगल स्वतःच सांगते, आणि सर्च कन्सोलमध्ये ‘पान पाहिले, पण सध्या सूचीत घेतलेले नाही’ अशा अर्थाचा एक शेरा असतो. १९९९ मध्ये याहूकडे १९९ डॉलर भरलेल्या अर्जदाराला निदान किती दिवसांत निर्णय येईल ते सांगितले जात असे. या शेऱ्यासोबत अशी कोणतीही मुदत येत नाही.