गॅल्व्हेस्टन १९००: जे वादळ वळलंच नाही

१९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्यूबावरून पुढे सरकलं तेव्हा वॉशिंग्टनच्या वेदर ब्युरोने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने, ठरवूनच टाकलं होतं की आता हे उत्तरेला वळणार, फ्लोरिडाला घासून अटलांटिकच्या किनाऱ्याने वर जाणार. का, तर अशी वादळं साधारण तशीच जातात! हवानाच्या बेलेन वेधशाळेतले जेझुइट पाद्री, ज्यांची हयात ढग आणि वारे बघण्यात गेलेली, ते सांगत होते की नाही, हे पश्चिमेला गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, शिरतंय. पण क्यूबा तेव्हा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता आणि तिथल्या लोकांनी हवामानाच्या तारा पाठवायच्या नाहीत अशी बंदी ब्युरोनेच आणवलेली. म्हणजे कान स्वतःच बंद करून घेतलेले.

मुळात वादळ जोरात फिरत असलं तरी पुढे कुठे जायचं हे ते स्वतः फारसं ठरवत नाही, आजूबाजूचे मोठे वारे त्याला वाहून नेतात. अटलांटिकवर जास्त दाबाचा मोठा पट्टा असतो, त्याची कड पकडून वादळ चालतं, पट्ट्यात खिंड असेल तर उत्तरेला निसटतं आणि पट्टा भक्कम असेल तर सरळ पश्चिमेला. यावेळी उत्तरेची वाट बंद होती. जहाजांवर वायरलेस नव्हता, त्यामुळे गल्फच्या गरम पाण्यावर वादळ किती फुगलं हे किनाऱ्यावर कुणाला कळलंच नाही.

समोर टेक्सासचं गॅल्व्हेस्टन, वाळूचं लांबट बेट, श्रीमंत बंदर, वस्ती साधारण ३८ हजार आणि सगळ्यात उंच जागा समुद्रापासून ९ फुटांच्याही आत. तिथल्या हवामान कचेरीचा प्रमुख आयझॅक क्लाइन याने १८९१ मध्ये पेपरात लिहिलं होतं की या शहराला वादळाचं भय वाटणं हा निव्वळ भ्रम आहे. जवळचं इंडियानोला बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत संपलेलं, तरी!

८ सप्टेंबरला सकाळपासून वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अशा वाऱ्याने पाणी मागे हटायला हवं, पण ते वाढतच होतं. आणि हाच वारा मागच्या खाडीचं पाणीही शहरात ढकलत होता, त्यामुळे बेट दोन्हीकडून भरत गेलं. वादळाचा मध्य शहराच्या नैर्ऋत्येकडून गेला, म्हणजे शहर नेमकं वादळाच्या वाईट बाजूला आलं, जिथे वारा समुद्राचं पाणी जमिनीवर रेटतो, आणि संध्याकाळी वारा फिरून पूर्व-आग्नेयेकडून वाहू लागल्यावर इतका वेळ अडलेला समुद्र एकदम आत घुसला. पाणी १५ फुटांच्या वर गेलं. इथे किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उथळ, वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खाली जायला जागाच नाही, मग ते जमिनीवर चढतं. वारा मोजायचं यंत्र तर ताशी १०० मैलांच्या आसपासच उडून गेलं.

किनाऱ्याजवळची घरं आधी मोडली आणि त्यांचा मलबा लाटांबरोबर पुढच्या घरांवर आदळत राहिला. क्लाइनच्या मजबूत घरात साधारण ५० माणसं आसऱ्याला होती, रात्री साडेआठला ते पडलं, वाचले १८, त्याची बायकोही गेली. सेंट मेरी अनाथालयातल्या १० नन्सनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने स्वतःशी बांधून घेतलेलं. त्या सगळ्या आणि ९० मुलं बुडाली, वाचले फक्त तीन मुलगे.

एकूण मृत किमान ६ हजार, काही अंदाज १२ हजारांपर्यंत जातात. प्रेतं बोटींतून नेऊन समुद्रात सोडली तर ती परत किनाऱ्याला लागली, मग चिता पेटवाव्या लागल्या. वादळाचा उरलेला भाग मात्र ओक्लाहोमा, कॅन्ससवरून ग्रेट लेक्सकडे आणि पुढे कॅनडापर्यंत गेला.

नंतर गॅल्व्हेस्टनकरांनी जे केलं ते मला सगळ्यात अचाट वाटतं. १७ फूट उंच समुद्रभिंत बांधली आणि वर शहरच उचललं! २००० च्यावर इमारती, चर्चसकट, जॅक लावून वर घेतल्या आणि खाली पाण्यात कालवलेली वाळू पंपाने भरली. हे काम १९११ पर्यंत चाललं. १९१५ ला तसंच तगडं वादळ आलं तेव्हा भिंत टिकली आणि भिंतीमागच्या शहरात फार थोडी माणसं गेली. पण तोवर ह्यूस्टनने आपला खोल जलमार्ग खणून १९१४ मध्ये सुरूही केला होता आणि बंदराचा धंदा हळूहळू तिकडे सरकला.